सिनेमा बघता बघता भाऊ दोन वर्षांनी रडला. आता पुढे काय करू?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वी तो आणि त्याचा जिवलग मित्र रात्रपाळी संपवून गोंद्याहून बाईकवर घरी येत होते. विल्होळीजवळ ट्रकची धडक बसली. भावाचं मनगट मोडलं, मित्र जागेवरच गेला. त्याच्या दहाव्याला भाऊ रामकुंडापर्यंत आला, पण पायऱ्या काही उतरला नाही. तेव्हापासून त्याने मित्राचं नाव तोंडातून काढलेलं नाही. गोंद्याची नोकरी सोडली, सिन्नरला कमी पगारावर लागला, का तर तो रस्ता नको. बाईकची किल्ली दारामागच्या खिळ्याला लटकतेय. रात्री गल्लीत कुणी करकचून ब्रेक मारला की हा अंथरुणात उठून बसतो. विचारलं की म्हणतो, "काही नाही गं ताई, झोप तू."

गेल्या शनिवारी जेवणं झाल्यावर मी मेथी निवडत बसले होते. टीव्हीवर जुना मराठी सिनेमा लागला होता. त्यात एक म्हातारा जेवायला बसताना सवयीने दोन ताटं मांडतो, मग थांबतो आणि एक ताट परत फडताळात ठेवतो. एवढंच. संवादही नाही. रिमोट भावाच्या हातात होता. त्याने चॅनल बदललं नाही, आवाज बंद केला. मग उशी तोंडावर दाबून असा रडला की मी घाबरले. काही बोलले नाही, नुसती जवळ सरकले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ताई, त्याचा डबा माझ्याच बॅगेत राहिला."

दोन वर्षांत आम्हाला कुणाला हे माहीत नव्हतं.

आई म्हणते, खपली काढू नकोस, पुन्हा असलं काही लावू नकोस. मला वाटतं दार जरासं किलकिलं झालंय. त्याला असे आणखी सिनेमे दाखवू का? की आईचं ऐकू? कुणाला असा अनुभव असेल तर लिहा.

सिडकोवाला

ताई, वाचून पोटात कालवलं. रडला ते चांगलंच झालं. सल्ला देण्याइतकं कळत नाही मला, पण तुम्ही त्या वेळी गप्प बसलात ते फार योग्य केलंत.

पुरातलं_दुकान

सिनेमाचा नाही, गोष्टीचा अनुभव आहे.

२००८ च्या सप्टेंबरात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला तेव्हा भांडी बाजारातलं आमचं दुकान पाण्यात गेलं. माल गेला त्याचं वडिलांना एवढं नव्हतं. पण पाणी चढताना ते आत अडकले होते, फळीवर चढून काही तास एकटे बसले होते. त्यानंतर पाऊस सुरू झाला की रात्री दोन वाजता उठून छत्री घेऊन जायचे, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलंय ते बघायला. पाणी पावलांशीसुद्धा नसायचं. तरी जायचे. घरात कुणी पुराचा विषय काढला तर उठून आत जायचे.

चहाच्या टपरीवर एक आजोबा यायचे, ऐंशीच्या घरातले. ते ६९ सालच्या पुराच्या गोष्टी सांगायचे. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी कसं लागलं, वाड्यातली माणसं माळ्यावर कशी बसली, कुणाची गाय कशी वाचली. वडील सुरुवातीला नुसते ऐकायचे. मग एक दिवस मध्येच म्हणाले, "अंधारात पाण्याचा आवाज वेगळा येतो." आजोबा म्हणाले, "येतो. कसा येतो, सांग." त्या दिवशी वडिलांनी फळीवरची अख्खी रात्र सांगितली. आम्ही आठ महिने विचारत होतो तेव्हा नाही सांगितली.

आजोबांनी 'सांग' म्हणायच्या आधी स्वतःचं सांगितलं होतं, एवढाच फरक. पावसाळ्यात वडील अजूनही मारुती बघायला जातात, पण सकाळी, दूध आणायला जाताना.

स्पष्टच_सांगतो

माझं मत जरा कडू लागेल. माझ्या मोठ्या भावावर कामाच्या ठिकाणी भयंकर प्रसंग आला होता, तपशील देत नाही. ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, सिनेमे बघा, फिरायला जा, मन रमवा. आम्ही ते इमानेइतबारे केलं. तीन वर्षं गेली त्यात. त्याला झोप नव्हती, दारूला जवळ केलं, संसार मोडायला आला. शेवटी योग्य माणसाकडे पोचलो आणि रीतसर उपचार सुरू झाले तेव्हा कुठे तो सावरला.

सिनेमा वाईट असं म्हणत नाही. पण सिनेमाने जखम भरते असं कुणी म्हटलं की मला ती तीन वर्षं आठवतात. ताई, आधी तज्ज्ञ गाठा.

मनमोकळी

मी समुपदेशनाचं काम करते, नाशिक रोडला. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोठ्या आघातानंतर काही माणसांच्या मनात ती घटना 'झाली' अशी नोंदलीच जात नाही. ती 'होतेय' अशी राहते. ब्रेकचा आवाज आला की आठवण येत नाही, तो क्षणच येतो, घामासकट आणि धडधडीसकट. याला पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा ताणाचा विकार) हे नाव अधिकृतपणे १९८० मध्ये मिळालं, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुस्तिकेत. त्याआधीही माणसं हे भोगतच होती. सगळ्यांनाच हा त्रास होतो असं नाही आणि भावाला तो आहे की नाही हे त्याला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय कुणी सांगू नये. पण रस्ता टाळणं, दचकणं, विषय न काढणं दोन वर्षं टिकलंय, म्हणजे भेटायला हवं.

गोष्टीचा उपयोग काय होतो? गोष्टीला आधी असतं, मग असतं, नंतर असतं. आघाताच्या आठवणीला नेमकं हेच नसतं. एक उपचारपद्धती आहे, नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी, युद्धातून आणि छळातून वाचलेल्या लोकांसाठी विकसित झालेली. त्यात जमिनीवर एक दोरी टाकतात. जन्मापासून आजपर्यंतचं आयुष्य म्हणजे ती दोरी. वाईट प्रसंगाच्या जागी दगड ठेवायचा, चांगल्याच्या जागी फूल. मग एकेका दगडापाशी थांबून तो प्रसंग सावकाश सांगायचा, ऐकणारा लिहून घेतो. दगड दोरीवर ठेवला की माणसाला दिसतं, याच्या अलीकडेही दोरी आहे आणि पलीकडेही आहे.

सिनेमातला म्हातारा हा तुमचा भाऊ नव्हता, म्हणूनच भावाला त्याच्याकडे बघता आलं. अपघाताचं दृश्य असतं तर कदाचित उठून गेला असता. ताटाची वाट आडवळणाची होती.

पण हीच गोष्ट उलटीही फिरते. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, त्यानंतर अमेरिकेत एक अभ्यास झाला. दिवसाला सहा किंवा जास्त तास त्या स्फोटांच्या बातम्या बघणाऱ्या-ऐकणाऱ्यांमध्ये, प्रत्यक्ष तिथे हजर असलेल्या लोकांपेक्षाही जास्त ताणाची लक्षणं दिसली. म्हणजे पडद्यावरचं दृश्य नुसतं दृश्य राहत नाही.

म्हणून ताई, 'दाखवू का' या शब्दावर अडखळले मी. दाखवू नका. त्याला बघू दे. त्या दिवशी रिमोट त्याच्या हातात होता, आवाज त्याने बंद केला, हे फार महत्त्वाचं आहे. न सांगता एखादा सिनेमा लावणं आणि त्याचा चेहरा निरखत बसणं, हे कृपया नको. आणि आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेऊन आठवणीवर काम करणारी पद्धती) देणारा प्रशिक्षित माणूस शोधा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी या दोन्ही पद्धती सुचवल्या आहेत. कुठे जायचं कळत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीत बोलता येतं.

निफाडचा_बागायतदार

मॅडमनी दोरीचं लिहिलं ते वाचून मला आमच्या गावचं कीर्तन आठवलं.

फेब्रुवारीत, द्राक्षांची काढणी आठवड्यावर आली असताना गारपीट झाली. व्यापाऱ्याशी भाव ठरला होता. वीस मिनिटांत बाग झोडपली गेली. मणी चिखलात, काड्या सोललेल्या. ज्याने बघितलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. त्यानंतर महिना झाला तरी मी बागेत गेलो नाही. बांधापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. पत्र्यावर काही पडलं तरी छातीत धस्स व्हायचं. बायकोने कीटकनाशकाचे डबे शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवले होते, ते मला पुढे कळलं.

सप्ता होता. मी मागे खांबाला टेकून बसलो. बुवांनी तुकोबांचा दुष्काळ लावला. दुकान बसलं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, बाजारात पत गेली. बुवा रडवायला सांगत नव्हते, हिशोब सांगावा तसं सांगत होते, हे गेलं, मग हे गेलं. मला वाटलं हा माणूस माझ्या शेजारी येऊन बसलाय. पुढे इंद्रायणीत खतपत्रं बुडवली तो भाग आला तेव्हा मी नीट ऐकलासुद्धा नाही, मी आधीच्याच जागी होतो. घरी येऊन बायकोला म्हणालो, उद्या बागेत जाऊ, तू चल.

एप्रिलमध्ये खरड छाटणी केली. कर्ज तसंच होतं. पण हातात कात्री धरता आली.

चौथा_पाऊस

मी दुसरी बाजू लिहिते.

आमचं बाळ नऊ दिवसांचं असताना गेलं. चार महिन्यांनी नवऱ्याने हौसेने कॉलेज रोडला सिनेमाला नेलं, विनोदी आहे म्हणून. मध्यंतरानंतर अचानक दवाखाना आला आणि त्या मशीनचा टीं टीं आवाज सुरू झाला. चारी बाजूंनी, मोठ्याने. मला श्वासच घेता येईना. अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर आले. जिन्यात झाडू मारणाऱ्या मावशींनी पाणी दिलं आणि पाठीवर हात ठेवून बसल्या. पुढे वर्षभर मी थिएटरच्या पार्किंगमध्येसुद्धा गेले नाही.

आता आमची एक पद्धत आहे. नवरा आधी एकटा सिनेमा बघून येतो आणि मला चिठ्ठी देतो. "पहिल्या तासाच्या शेवटी दवाखाना, पाच मिनिटं, आवाज आहे." त्या वेळी मी बाहेर जाऊन पॉपकॉर्न घेते. मागच्या महिन्यात एक सिनेमा बघताना मी उठलेच नाही. चिठ्ठी मुठीत धरून बसले. आवाज आला आणि गेला.

मनमोकळीताई, रिमोटचं तुम्ही लिहिलंत ते अगदी तसंच आहे. मला चिठ्ठीनेच धीर येतो.

सिडकोवाला

चौथा पाऊस, तुमच्या नवऱ्याला साष्टांग नमस्कार. प्रत्येक सिनेमा दोनदा बघतो बिचारा!

चौथा_पाऊस

:) आणि टुकार असला तरी दोनदा.

मेनरोडची_मुलगी

जरा हलकं लिहू का? आमची आजी टीव्हीवरच्या खाष्ट सासूला उभं राहून शिव्या द्यायची. एकदा चप्पल फेकली, काच थोडक्यात वाचली. आम्ही पोरं हसायचो. मोठी झाल्यावर आईने सांगितलं की आजीच्या सासूने तिला बाळंतपणात उपाशी ठेवलं होतं आणि आजीने आयुष्यभर त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. ती चप्पल साठ वर्षं उशिरा, पण बरोबर ठिकाणी पडली.

जुना_वाचक

नाशिककर मंडळी, आपल्याच गावातली एक गोष्ट सांगतो. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३ ला, गुरुवारी, सुरुवात केली आणि सोमवारी १३ तारखेला पुस्तक पुरं. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटली होती. शेवटच्या क्षणी ते तिच्याजवळ नव्हते. त्या पुस्तकाची रचना आठवा. रात्र पहिली, रात्र दुसरी. श्याम रोज थोडं सांगतो, मित्र ऐकतात, झोपतात, उद्या पुढचं. आईचा मृत्यू शेवटाकडे येतो, तोपर्यंत ऐकणारे त्याचे झालेले असतात. हे मी शिक्षक म्हणून अनेकदा वर्गात वाचलं, पण दोरीवरच्या दगडांचं वाचल्यावर आज त्या रात्रींकडे नव्याने बघतोय.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय की दुःखाने, श्रमाने, शोकाने पिडलेल्यांना हे नाट्य विश्रांती देईल. शब्द 'विश्रांती' आहे. बरं करील असं ते म्हणत नाहीत. 'स्पष्टच सांगतो' यांना कदाचित हा शब्द पटेल.

स्पष्टच_सांगतो

काका, पटला. विश्रांती देईल एवढंच कुणी आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही विश्रांतीही घेतली असती आणि उपचारही केले असते.

तपोवन_एक्सप्रेस

थोडं अवांतर. विषय सिनेमाचा आणि गाव नाशिक, म्हणून फाळके आठवले. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. शेवट नाशिकमध्येच, १९४४ ला. त्यांचा गोध्र्याला फोटो स्टुडिओ होता तेव्हा प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना माहीत असतो, ही गोष्ट फारशी नसते. हरिश्चंद्राच्या कथेतही बायको-मुलाची ताटातूट आहे आणि स्मशान आहे. यातून काही सिद्ध करायचं नाही मला. पण पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात गेलो की हे मनात येतं.

ऊसातली_वाट

माझी भाची सिन्नर तालुक्यात मळ्यात राहते, सहा वर्षांची. बिबट्याने ओट्यावरून कुत्रं उचलून नेलं ते तिने समोर बघितलं. चार महिने दिवेलागणीनंतर ओट्यावर पाऊल टाकलं नाही, अंथरूण ओलं व्हायला लागलं.

तिच्या आजीने काय केलं, रोज रात्री बिबट्याची गोष्ट सांगायला घेतली. मला आधी भयंकर वाटलं. पण शेवट भाचीने सांगायचा, असा नियम होता. पहिल्या रात्री तिने बिबट्याला विहिरीत ढकललं. पुढे आठवडाभर विहीरच. मग पिंजरा आला, वनखात्याची गाडी आली. मग एके रात्री म्हणाली, बिबट्याला दोन पिल्लं होती आणि ती उसात भुकेली होती. पण आमच्या मोत्याला नाही खायचं, त्याने दुसरीकडे जायचं. आणि मग तिने मोत्यासाठी रडून घेतलं. तोवर ती मोत्यासाठी रडलीच नव्हती, नुसती घाबरत होती.

आजीला थेरपी शब्द माहीत नाही. शेवट पोरीच्या हातात ठेवावा हे तिला कुठून सुचलं कुणास ठाऊक.

मनमोकळी

आजींना माझा नमस्कार कळवा. मुलं तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागतात तेव्हा घरचे वैतागतात. मागू द्यावी. गोष्ट हळूहळू बदलत असेल तर काम चालू आहे असं समजावं. महिनोन्महिने तशीच अडकून राहिली आणि मूल जास्तच घाबरायला लागलं तर मात्र मदत घ्यावी.

गोदाकाठची

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, माफ करा. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचलाय. काही आईला वाचून दाखवले. निफाडच्या दादांचं वाचल्यावर आई बराच वेळ पदराने डोळे पुसत होती.

मी काही दाखवलं नाही. एका रविवारी भावानेच तो सिनेमा मोबाइलवर शोधून काढला. ताटाच्या प्रसंगाआधी थांबवला, गच्चीवर जाऊन आला, पुन्हा सुरू केला. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत बसले. संपल्यावर त्याने आपणहून सांगितलं. त्या रात्री कॅन्टीनमध्ये मित्र म्हणत होता, चहा घेऊन निघू. याला झोप आली होती, म्हणाला, घरीच घेऊ. दोन वर्षं तो त्या एका चहापाशी थांबलाय.

मी "तुझी चूक नाही" म्हणणार होते, पण पुराच्या आजोबांची आठवण झाली. "चहा कसा असायचा रे तिथला?" असं विचारलं. म्हणाला, "बेकार, नुसती साखर. पण तो दोन कप प्यायचा." आणि हसला. मग मित्राचं नाव घेतलं.

१४४१६ ला फोन केला, तिथून नीट मार्गदर्शन मिळालं. आता तो एका मॅडमकडे जातो, तीनदा जाऊन आला. दुसऱ्या वेळेनंतर दोन दिवस फार वाईट गेले, जेवला नाही. 'स्पष्टच सांगतो' दादा, तुमच्यामुळे आम्ही धीर धरला, तज्ज्ञाकडे जायला लाजलो नाही. रस्ता अजून टाळतोच. किल्ली खिळ्यालाच आहे.

काल त्याने माळ्यावरून बॅग काढली. डबा स्टीलचा, तीन पुडाचा, झाकणावर मित्राच्या आईचं नाव कोरलेलं. दोन वर्षांत उघडला नव्हता. मी घासते म्हटलं, नको म्हणाला. मोरीत बसून स्वतः घासला. चिंच लावून, राख लावून, खूप वेळ. मग काकूंना फोन केला, पहिल्यांदा. त्या एवढंच म्हणाल्या, "रविवारी ये रे बाळा."

आता प्रश्न असा की डबा रिकामा कसा परत द्यायचा? भाऊ मला विचारतोय काय भरू, आणि मला काही सुचत नाहीये. गोड नेऊ की नको?

निफाडचा_बागायतदार

गोड नको ताई, साधं जेवण न्या. सीझन असता तर द्राक्षांची पेटी पाठवली असती.

मेनरोडची_मुलगी

मित्राला काय आवडायचं ते भावालाच विचारा. दोघं एकमेकांच्या डब्यातलं खात असणारच.

जुना_वाचक

आणि करू दे त्यालाच. तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा.

गोदाकाठची

विचारलं. मित्र मेथीची सुकी भाजी मागून घ्यायचा म्हणे, आमच्या डब्यातली, लसूण जास्त घातलेली. आता तो जुडी घेऊन बसलाय. निवडता येत नाही, काड्या तशाच ठेवतोय, मी काही बोलत नाहीये.

चौथा_पाऊस

राहू देत काड्या. रविवारचं नंतर लिहा, घाई नाही.